न लागणारा दाखला

आई, आज एक बाई माझ्या टेबलापाशी आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, “मॅडम, उत्पन्नाचा दाखला नाई माह्याजवळ. तलाठी भेटूनच नाई राह्यले.” मी म्हटलं, “तुम्हाले लागतच नाई. बाईमाणसाले वकील फुकट भेटते, कमाई कितीही असो.” तिचा विश्वास बसला नाही. मी अर्ज पुढे केला, अंगठा कुठे लावायचा ते दाखवलं. तुला माहीत नाही, पण मी आता वर्ध्याच्या कोर्टात मोफत वकिलाचे अर्ज भरून देते. ‘तुम्हाले लागतच नाई’ हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी बोलावं लागतं. पहिल्यांदा प्रशिक्षणात ऐकलं तेव्हा बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं होतं. आता बोलताना काही वाटत नाही, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नाही.

बाबा गेल्यावर काकांनी सेलूच्या आपल्या दोन खोल्यांवर दावा लावला. नोटीस आली तेव्हा तू शाळेतली खिचडी उतरवून नुकतीच घरी आली होतीस, हाताला हळदीचा वास. मी बारावीत होते, म्हणजे घरातली सगळ्यात शिकलेली. फुकट वकील मिळतो असं शाळेतल्या बाई म्हणाल्या, म्हणून आपण कोर्टात गेलो. साहेबलोकांसमोर जायचं म्हणून तू लग्नकार्यातली हिरवी साडी नेसली होतीस. दाराशी भली मोठी पाटी होती, कोणाकोणाला मदत मिळते त्याची. तू म्हणालीस, “वाच बाई.” मी वाचलं आणि सांगितलं, उत्पन्नाचा दाखला लागेल. तू अर्जाच्या खिडकीकडे पाहत म्हणालीस, “एक डाव इचारून त पाहू.” मी तुझ्यावरच खेकसले, “दाखल्याबिगर हाकलून देतीन ते. तुले काई समजते का?” तू पदर सारखा केलास आणि माझ्यामागून चालू लागलीस.

मग तुझे हेलपाटे सुरू झाले. तलाठी बाजाराच्या दिवशीच बसतो. बसला की रेशनकार्ड मागतो. आपलं रेशनकार्ड एकत्र, काकांच्या कपाटात. तू मागायला गेलीस तर ते म्हणाले, “आता कोर्टातच भेटू, वहिनी.” तू परत येऊन चुलीपाशी बसलेली मला दिसतेस. पिठलं करपतंय, तू ते हलवत नाहीस. मी म्हणते, “काऊन बसली अशी?” तू म्हणतेस, “दाखला भेटन नं?” मी म्हणते, भेटेल. मग प्रतिज्ञापत्र, मग सेतू केंद्रात सर्व्हर बंद, मग साहेब रजेवर. तारखेला तू एकटीच कोर्टात जायचीस, हात जोडून म्हणायचीस, “दाखला आणून राह्यली मी.” पुढे पुढे तेही सोडलंस, दाखल्याशिवाय तिथे उभं राहायची तुला लाज वाटायची. दाखला हातात पडला त्याच्या आधी एकतर्फी निकाल लागला होता. तो निकाल रद्द करायला अजून अर्ज करता येतो, असं कोणीतरी सांगितलं. तू म्हणालीस, “पुरे झालं.” देवळीच्या भाड्याच्या खोलीत तू दोन वर्षं काढलीस आणि गेलीस.

आपल्या घरात दाखल्याशिवाय एकही फॉर्म कधी भरला गेला नव्हता. शिष्यवृत्ती, वसतिगृह, दवाखाना, सगळीकडे आधी तोच मागायचे. म्हणून त्या पाटीवर मी ‘उत्पन्न’ हा एकच शब्द शोधला आणि सापडल्यावर थांबले. तो सगळ्यात खाली होता. ‘महिला’ वरच्या ओळीत होतं. ती पाटी नंतर मी जाऊन पाहिली, रंग उडालाय, तरी वाचता येतं.

तुझी वायरची पिशवी मी वापरते, कोरे अर्ज त्यातच ठेवते. तुझा दाखलाही आहे तळाशी, त्याची मुदत केव्हाच संपली. हे पत्रही आता तिथेच जाईल. एवढंच सांगायचं होतं. त्या दिवशी पायऱ्या उतरताना तू विचारलंस, “सारं वाचलं नं पोरी?” लोक तुझ्या हिरव्या साडीकडे पाहत होते, मला लवकर घरी जायचं होतं. मी हो म्हणाले.