अंगठा ओळखेना

हुपरी, मंगळवार संध्याकाळ

नात झाली! पुण्याहून जावयाचा फोन आला, "आई, बाळाचा फोटो पाठवलाय, बघा." नीट ऐकू येईना म्हणून बाजूचं बटण दाबलं, तर फोनच कट. जुन्या फोनला तिथं आवाजाचं बटण होतं की! आता कुलूप उघडायला अंगठा लावतेय, तर फोन नुसता थरथरतोय. उघडायचे आकडे लेकीलाच ठाऊक, आणि ती दवाखान्यात झोपलेली. ह्यांच्या साध्या फोनवरून जावयाला लावला, तर त्याचा बंद.

अंगठा धुतला, पुसला, तेल लावलं. न्हाय म्हणजे न्हाय. दिवाळीत लेकीनं हा फोन दिला तेव्हा काम बंद होतं, तेव्हा बरा चालायचा. काय करू? आपटू का हा डबा?

हे म्हणाले, "दिसभर चांदीला कानस मारत्यास, अंगठ्याला रेघ ऱ्हाईल व्हय? चार दिवस काम ऱ्हाऊ दे, यील परत."

चार दिवस! तोवर नातीचं तोंड बघायचं नाही? स्क्रीनवर 'फोटो' एवढंच लिहून आलंय.

आणि अंगठा झिजला कशानं? ह्या आठवड्यात गिऱ्हाइकाचं काम हातात घेतलंच नाही. बारशाला बाळाच्या पायात घालायचे वाळे घासत बसले होते, कुठं टोचू नयेत म्हणून.