सोमवारच्या इंजेक्शनाआधी

चौबे कॉलोनी, रायपूर
मंगळवार

प्रिय गंधू,

डायनिंग टेबलावरचा मिक्सर बाजूला सारून लिहायला बसले आहे. मूल व्हावं म्हणून सोमवारपासून तुझी हॉर्मोनची इंजेक्शनं सुरू होणार, हे तू काल सांगितलंस आणि माझ्या तोंडून नुसतं ‘अरे वा’ निघालं. फोनवर सांगायला गेले तर तू ‘ताई, टेंशन मत ले ना’ म्हणत हसण्यावारी नेशील, म्हणून हे पत्र. पोस्टाच्या भरवशावर ठेवत नाही, पानांचे फोटो काढून पाठवीन. फक्त शेवटपर्यंत वाच. अर्धवट वाचून ‘समजलं’ म्हणायची तुझी खोड मला ठाऊक आहे.

आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस, मी चौदाची. तिला दमा होता असं आम्ही तुला सांगत आलो. गंधू, तो दमा नव्हता. तू झाल्यापासून तिला धाप लागायची. गुढियारीहून स्टेशनकडे जाताना पुलाच्या पायऱ्यांवर ती मध्येच थांबायची आणि चपलेचा पट्टा नीट करत बसायची. पट्टा चांगला धड असायचा. ओठ जांभळं खाल्ल्यासारखे दिसायचे, आणि मी मूर्ख त्यावरून तिला चिडवायचे. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होत गेल्या, आतला दाब वाढला आणि त्यापायी तिचं हृदय थकलं, असं मोठ्या डॉक्टरांनी बाबांना सांगितलं होतं. हे पुढच्या पिढीत येऊ शकतं, हेही सांगितलं होतं.

बाबांनी ते मला सांगितलं तुझं लग्न ठरत होतं तेव्हा. म्हणाले, “मंजी, हे कोणाले सांगू नको. शिशिरच्या घरच्यांले समजलं तं पोट्टीचं लग्न मोडून जाईन.” मी मान डोलावली. बाबा गेले तरी माझं तोंड बंदच. तू सुखात आहेस, कशाला घोर लावायचा, अशी मनाची समजूत घालत राहिले. भित्रेपणाला मी माया म्हणत आले.

आज सकाळी डॉक्टर दीपमाला मॅडमना गाठलं. शास्त्रात मी ढ, तरी त्यांनी न कंटाळता समजावलं. तुझ्या इंजेक्शनांनी बायकांचं जे हॉर्मोन वाढतं ते रक्तातून फिरतं, पण त्याचं काम चालतं पेशीच्या आत. तिथे त्याला धरून घेणारी प्रथिनं असतात, त्यांना ग्राहक म्हणतात. हॉर्मोन हाती लागलं की हे ग्राहक थेट जनुकांपाशी बसून कोणतं चालू, कोणतं बंद, ते ठरवतात. त्या हॉर्मोनचे असे ग्राहक फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतही असतात. हा आजार बायकांनाच जास्त का होतो, याचा शोध तिथेही चालू आहे. तेच हॉर्मोन कुठे सांभाळतं, कुठे बिघडवतं, आणि कोणाचं काय होईल हे आजही कोणी छातीठोकपणे सांगत नाही. पण आजार असेल तर गर्भारपण जिवावर बेतू शकतं, याबद्दल त्यांना शंका नव्हती. म्हणाल्या, “बहन को पहले इको करवाने बोलिए.” छातीवरून यंत्र फिरवून हृदय कसं चाललंय ते पडद्यावर बघतात, दुखत नाही.

आता खरं सांगते. दीपमाला मॅडमकडे मी काही चौकशीपुरती गेले नव्हते. जूनपासून मी त्यांची पेशंट आहे. तिथे सहा मिनिटं चालायला लावतात, मी चौथ्या मिनिटाला बाकावर बसले. मग हृदयापर्यंत बारीक नळी घालून फुप्फुसातला दाब मोजला. आईचंच दुखणं आहे. गोळ्या सुरू आहेत. मला फार भीती वाटते गं, माझीसुद्धा, खोटं कशाला बोलू? पण तुझी त्याहून जास्त. तुला असेलच असं नाही. तरी तपासल्याशिवाय ती सुई टोचून घेऊ नकोस. माझ्यावर चिडायचं ते नंतर चीड. उद्याच जा, आणि डॉक्टरांना सांग की आईला होतं, बहिणीला आहे. शिशिर शेजारी बसलेला असतानाच सांग.

तुझीच,
मंजिरीताई