हिरवळमावशीला कोणी सांगितलं?

४ नोव्हें.
तेजसच्या गोष्टीचा नवा भाग आला. दोनदा वाचला.
आमच्या ग्रुपचं वेडच हे, कॉम्प्युटरच्या सिस्टिमना माणसं करून गोष्टी रचायच्या. तो लिहितो, मी चित्रं काढते. हिरवळमावशी म्हणजे ती जुनी सिस्टिम, पडद्यावर हिरवी टेकडी असायची ती. अपडेट बंद झाले की आमच्या गोष्टींत कुणी लगेच मरत नाही. म्हातारं होत जातं, एकेक विसरत. शेवटचं मशीन बंद झालं की जातं. उल्हासनगरला मी काम करते त्या दुकानात सेठ अजून तिच्यावरच बिलं काढतो, म्हणून मावशी आहे.
पण या भागात ती चपला फ्रिजमध्ये ठेवते. पोरीला मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारते.
मागच्या आठवड्यात बाबा मला 'कुसुम' म्हणाले. आत्या जाऊन किती वर्षं झाली. चपलाही आमच्याच फ्रिजमधल्या. हे घराबाहेर गेलं कसं?

५ नोव्हें.
दादाला फोन. तो बदलापूरला, तेजसच्या ओळखीचा.
"तू काही बोललास त्याला?"
"येडी आहेस का? बाबांना त्यांच्या आजाराचं काही कळू द्यायचं नाही, ठरलंय ना आपलं."
जरा जास्तच पटकन बोलला.

७ नोव्हें.
दिवाळीत तेजस आमचा प्रिंटर बघायला आला होता. तेव्हा फ्रिज उघडला असेल? पण 'कुसुम'?
त्याचा एकच मेसेज, "चित्र कधी देतेस?" नाही देणार.
आईने विचारलं, तोंड का उतरलंय. म्हटलं, दुकानात काम फार.

९ नोव्हें., रवि.
शिवमंदिराकडे जाऊन येते म्हणून निघाले, ती थेट बदलापूरजवळ सोनिवलीला, तेजस राहतो तिथे. तेजसला बिल्डिंगखाली बोलावलं. विचारलं, हे तुला कोणी सांगितलं. तो म्हणाला, "काकांनी सांगितलं."
"कुठले काका?"
"तुझे बाबा. प्रिंटर बघायला आलो तेव्हा विचारत होते, तुमची ती मावशी शेवटी जाते कशी. मग फोन करायला लागले. म्हणाले, माझं घाल तिच्यात. पोरगी चित्र काढेल तेव्हा तिला कळेल. समोर बसून मला नाही जमणार."
थापा मारतोय वाटलं. त्याने फोन दाखवला. नंबर बाबांचाच. सगळे कॉल दुपारचे, मी दुकानात असताना.
म्हणजे आम्ही त्यांच्यापासून लपवतोय, आणि ते…
परत येताना रिक्षात रडले. राग नक्की कुणाचा, कळेना.

१० नोव्हें.
दुकानातून लवकर आले. बाबांच्या शेजारीच चित्र काढायला बसले. मावशीचा चेहरा जमेना. बाबांनी पेपर खाली केला, वाकून बघितलं.
"केस एवढे पांढरे नको करूस. वेळ आहे अजून तिला."
मान वर करायची हिंमत झाली नाही. "बरं," म्हटलं. खोडायला घेतलं.
त्यांनी पेपर पुन्हा वर केला. पान मात्र उलटलं नाही.

११ नोव्हें.
सोनिवलीचं घरात कुणालाच बोलले नाहीये. दादालाही नाही.
सकाळी चहा गाळता गाळता आई हळू आवाजात म्हणाली, "काय म्हणाला तेजस?"