गोऱ्हा पटावरच विकला

बा, कसा आहेस? कंबर धरते का अजून? माय कशी आहे? तिच्या बरगडीची कळ आता थांबली असेल. आजीचा खोकला कसा आहे? कोठ्यातली जनावरंही तुझ्यापाशीच असतील, त्यांचंही लिही. इकडे मी आणि माझी सून ठीक आहोत. पोरगा कालपासून माझ्याशी बोलत नाही, त्याचंच सांगायचं आहे. तू गेल्यावर गोंदिया वेगळा जिल्हा झाला, शंकरपट मध्ये बंद पडले, पुन्हा सुरू झाले. बैल मात्र तसेच धावतात.

तुझा तो तांबडा गोऱ्हा पटात पहिला आला होता, आठवतं? गिऱ्हाइकं तिथंच बोली चढवू लागली, तर तू म्हणालास, "आज नाही, पुढच्या साली." जिंकलेली जोडी घरी आणून ओवाळायची ही आपली रीत. डफडं वाजत होतं, माय दारात आरती घेऊन उभी. गोऱ्ह्याच्या डोक्यातून पट उतरलाच नव्हता, ढुंगणावर खिळ्याच्या काठीची भोकं, त्यांतून रक्त. ज्योत नाकाशी आली आणि त्यानं मायला शिंगावर घेऊन भिंतीवर आपटलं. वाळक्या तुराट्या मोडाव्या तसा आवाज झाला. तू बैलबंडीच्या कडेचा दांडा, उभारी, उपसतोस, मारत सुटतोस. तो गुडघ्यावर येतो, शिंग तुटून लोंबतं, डोळा फुटतो. माय जमिनीवरूनच म्हणते, "पुरे करा जी, मेला तो." तू थांबत नाहीस. संध्याकाळी हात धुताना मला म्हणालास, "पटाचा गोऱ्हा घरी नाही आणाचा रे. तोंडाले फेस हाये तवरच इकून टाकाचा."

काल साकोलीकडच्या पटात आपला पांढरा गोऱ्हा पहिला आला. दोनच दात आलेत अजून, वाढीचंच वय. छकडा सोडताच त्यानं जोडीदाराच्या मानेत शिंग खुपसलं, वर ओढलं, पुन्हा खुपसलं. चिळकांडी माझ्या सदऱ्यावर आली. जोडीदार तिथंच पाय झाडत गेला. मला वाटलं, आता गिऱ्हाइकं पळतील. उलट बोली वाढली! तुमसरचा एक व्यापारी नाचतच होता, "अंगार हाये बाप्पा, अंगार!"

पोरगा कानाशी लागला, "बाबा, कायले इकून राहिले? चार दात होऊ द्या, याच्या दुप्पट येईन."

"अन् सून आरती घेऊन दारात उभी असंन, तिचं काय?"

"तिले सांगतो ना, नोको ओवाळू म्हणून. तुमी तं भेवूनच मरा!"

मी कासरा व्यापाऱ्याच्या हाती दिला. पोरगा मातीत थुंकला आणि पायीच घराकडे निघाला.

सुनेपायी विकला, असं मी त्याला सांगितलं. तेवढंच खरं नाही, बा. गोऱ्ह्यानं दुसऱ्यांदा शिंग खुपसलं तेव्हा सारा पट ओरडत होता, "हाण! हाण!" आणि त्यात माझाही आवाज होता. माझ्या हातचं खाऊन वाढलेला बैल मरत होता आणि मला बरं वाटत होतं. हा गोऱ्हा आणखी वर्षभर आपल्या दारात राहिला असता, तर मी त्याला काय काय करू दिलं असतं कोण जाणे.

त्या दिवशी तू मायसाठीच मारत होतास ना? सगळाच वेळ? हे पत्र टाकायचं कुठं ते मला ठाऊक नाही, म्हणून घडी करून खिशातच ठेवतो. तू मात्र उत्तर लवकर लिही.