विमान दक्षिणेकडे पाहून राह्यलं

मु. पो. बीबी, कोजागिरीनंतरचा सोमवार

परमप्रिय मेहुणे गोकुळराव यांस,
तुमच्या ताईचे यजमान पंजाबराव यांचा, वयाने आशीर्वाद आणि गरजेपुरता नमस्कार.

तुमची प्रकृती, सौ. अनुपमाचा गुडघा आणि पुण्यातले तुमचे पार्किंग ठीक असेल अशी आशा करतो. इकडे सर्व क्षेम, विमान तेवढे आजारी आहे. (फोनवर मी 'विमान' शब्द काढला की तुमची मीटिंग सुरू होते, म्हणून पत्र. पत्र मधेच कापता येत नाही.) पुण्याला जाणार म्हणून शुद्ध लिहितो आहे, राग आला की घसरेन, तेवढे चालवून घ्या.

तर आपल्या मोटार वाइंडिंगच्या दुकानामागच्या शेडात मी जे दोन सीटचे विमान बांधतो आहे, त्यात एकदाचे टीव्हीसारखे पडदे बसले. काट्यांची भानगड नाही. उंची, वेग, दिशा सगळे पडद्यावर, वर निळे आकाश, खाली तपकिरी जमीन. बटण दाबले, पडदा उजळला आणि माझे डोळे भरून आले. मग दिशा पाहिली. विमानाचे तोंड चक्क पूर्वेला (सूर्य डोळ्यांत घुसून राह्यला), आणि पडदा म्हणतो दक्षिण! पुढच्या आठवड्यात गुरुवारी विमान खात्याचे साहेब तपासायला येणार. पडदा खोटे बोलला तर परवानगी नाही, आणि परवानगी नाही तर विमान भंगारात अन् शेडात सोयाबीन, असे तुमच्या ताईने बजावून ठेवले आहे.

पहिला उपाय आपला सगळ्यांचा: बंद करून चालू केले. दुसरा, बाजूने एक चापट मारली. तिसरा, कंपनीला फोन. तिथल्या बाई फार गोड आवाजात म्हणाल्या की सॉफ्टवेअर जुने आहे. नवे उतरवून घ्यायला रेंज मिळेना, म्हणून मी पाण्याच्या टाकीवर चढलो (म्हणजे विमानाच्या आधी मीच हवेत). नव्या सॉफ्टवेअरने अक्षरे झकास दिसू लागली. दिशा दक्षिणच.

तेवढ्यात सरपंच माणिकराव आले. त्यांनी पडदा पाहिला, शेडासमोरून पूर्वेला जाणारा रस्ता पाहिला आणि निकाल दिला, "पडदा बरोबर हाये. हा रस्ता मंजूर झाला तवा कागदावर दक्षिणेकडंच गेला व्हता." मी म्हटले, रस्ता कुठेही जावो, पण सूर्य? ते म्हणाले, त्यासाठी ठराव घ्यावा लागंन. उद्घाटनाचा नारळ मात्र आपणच फोडणार हे तिथल्या तिथे ठरवून गेले. फोटो पडद्यासोबत पाहिजे, बंद असला तरी चालेल म्हणे.

मग पुस्तिकेत सापडले की विमान जागच्या जागी चारी दिशांना फिरवले की यंत्र दिशा नव्याने शिकते. आम्ही पाचसहा जणांनी ते ढकलत खळ्यात गोल फिरवले. शेजारच्या छायाकाकूला वाटले प्रदक्षिणा चालली आहे. तिने चपला काढल्या आणि हात जोडून मागे चालू लागली, तिच्यामागे बाकीच्या बाया. (सोयाबीन सोंगायले माणूस भेटून नाही राह्यला, अन् इमानामांगं अर्धं गाव!) मले गरगरलं, पण पडदा आपला दक्षिणेलेच चिकटून. तोंड कुठंही करा, दक्षिण!

शेवटी शेपटी उघडली. दिशा ओळखणारी डबी तिथे असते, कारण तिच्याजवळ लोखंड चालत नाही. आणि त्या डबीला खेटून, काळ्या दोऱ्याने, बिब्ब्यासकट बांधलेली घोड्याची नाल! दुकानात चुंबकाजवळ पडून पडून तीही चुंबक झालेली, स्क्रू उडी मारून चिकटत होते. मी बोंबललो, मनकर्णे, लोखंड हाये ना ते! तर तुमची ताई म्हणते, "मंग? नजर का प्लास्टिकनं उतरते?"

आता घरात रण पेटणार म्हणून मी कंबर कसली होती. पण काय सांगू, तिने स्वतःच्या हाताने नाल सोडली, एका शब्दाने वाद घातला नाही. पडदा ताबडतोब पूर्व दाखवू लागला. अट एकच घातली, "माहा भाऊ येऊन पडदे पाहून गेल्याबिगर उडायचं नाही." किती समजूतदार बाई! मीच उगाच आवाज चढवला, त्याचे वाईट वाटले. तेव्हा साहेबांच्या आदल्या दिवशी, बुधवारी, जालन्यामार्गे या, स्टँडवर घ्यायला येतो.

आपला,
पंजाबराव

ता. क. पडद्याचे निमित्त आहे. पहिल्या उड्डाणाला शेजारच्या सीटवर तुम्ही पाहिजेत. खरं सांगतो, मले एकट्याले भेव वाटते. वजन कळवा. तोवर सोयाबीनचे पोते बसवून पाहिले, पट्टा बरोबर लागतो.

ता. क. अनुपमाला यातले काही बोलू नका. पत्र तुमच्या ताईजवळ देतो आहे, ती पोस्टात टाकेल.

(खाली, पेन्सिलीने)

गोकुळ, मी ताई लिहून राह्यली. तू येजो, नक्की येजो. पण त्यात बसजो नोको. तू कम्प्युटरवाला हायेस, सायेब यायच्या आंधी त्या पडद्याचं असं काई करून ठेव का कोणाच्यानंच दुरुस्त नाही झालं पायजे. माह्याच्यानं जे झालं ते मी नाल बांधून पाह्यलं. सोयाबीन जाऊ दे चुलीत. मले हा माणूस जमिनीवर पायजे.