नऊ नंबरची कॅसेट

बाबा, तुमची कॅसेटांची पेटी भावानं मागच्या महिन्यात माझ्याकडे नेरला पाठवली. आमच्या देवळात आता भिंतीवर मोठा टीव्ही बसवलाय. बायांचं भजन चालू असलं की त्यावर नदी, समया, ढग अशी चित्रं चालतात, आणि ती लावायचं काम माझ्याकडे आलं आहे. तुमच्या कॅसेटांतले तुकडे मी दुकानातून लॅपटॉपवर उतरवून आणले. पूजा आटोपली की दुपारी एकेक तुकडा आधी लहान चौकटीत पाहते, वहीत नंबर टाकते आणि कुठल्या भजनाला काय शोभेल ते पुढे लिहिते. सूनबाई हसते. "आई, लावून टाका ना डायरेक्ट. एवढं कायले तपासता?" मी म्हणते, माझ्या बाबांची शिस्त आहे.

पुसदला देवीच्या मंडपात तुमचं असंच असायचं. भजनी मंडळाच्या मागे पांढरा पडदा, आपल्याजवळ दोन व्हीसीआर, पडद्यावरचं चित्र बदलायचा एक मिक्सर आणि माझ्यापुढे लहान टीव्ही. बुवा मनाला येईल ते भजन उचलत, म्हणून पुढचं चित्र आधीच तयार ठेवावं लागे. मी कॅसेट घालायची, लहान टीव्हीवर पाहायची, नेमक्या जागी थांबवायची आणि म्हणायची, "तयार." तुमची नजर बुवांवर. बटन दाबताना तुम्ही माझ्या टीव्हीकडे कधी वळून पाहिलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचात, "तिनं पाह्यलं म्हणजे म्या पाह्यलं." मॅट्रिक पास झाल्याचा नव्हता एवढा गर्व मला त्या वाक्याचा होता. देव क्षमा करो.

मग ते नवरात्र आलं. माय त्याच उन्हाळ्यात गेलेली. त्या साली कापसाच्या पऱ्हाटीनं सगळ्यांनाच दगा दिला होता, घरोघरची लग्नं पुढे ढकलली होती आणि लग्नांच्या शूटिंगचा तुमचा कॅमेराही पेटीतच होता. मंडपात निघताना तुम्ही मला बजावलं, "नऊ नंबर घरीच राहू दे. यंदा पडद्यावर कापूस नको. त्यायच्या वावरात जे नाही, ते त्यायले कायले दाखवाचं?" मी हो म्हटलं, आणि तुम्ही चपला घालायला बाहेर गेल्यावर नऊ नंबर पिशवीत टाकला.

त्यात माय होती, बाबा. फुलसावंगीला मामाच्या वावरात, चांगल्या सालात तुम्ही काढलेला तो तुकडा. सगळीकडे फुटलेला पांढराशुभ्र कापूस, आणि त्यातून माय वेचत येते, कमरेला ओटी फुगलेली. मधेच उभी राहते, पदरानं तोंड पुसते, तुमच्याकडे पाहून हसते आणि उजवीकडून निघून जाते. दुसऱ्यांच्या लग्नांत कॅमेरा फिरवणाऱ्या आपल्या घरात तिचं हलतं चित्र तेवढं एकच. लहान टीव्हीवर ती माझ्या अंगठ्याएवढी दिसायची. मला ती एकदा मोठी पाहायची होती.

अष्टमीची संध्याकाळ होती. बुवांनी देवीच्या देण्याचं भजन घेतलं. मी कॅसेट घातली आणि म्हटलं, "तयार." तुम्ही बटन दाबलं. पडदाभर कापूस फुटला आणि मागून एक जण ओरडला, "अबे, कोणाचं वावर हाय हे? पत्ता दे, मी येचाले येतो!" लोक हसले. मग ते हसणं एकाएकी तुटलं. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पदर तोंडावर ओढला. "बंद कर बे!" कोणीतरी म्हणालं, आणि दोघं-तिघं उठून चालू लागले. मी मात्र पडद्याकडेच पाहत होते. माय देवीएवढी झाली होती.

आरतीनंतर उत्सव मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं, "भाऊ, याच साली सुचलं काय तुमाले हे?" तुम्ही हात जोडलेत. "माहीच चूक. नंबर चुकला." घरी आल्यावर मला एवढंच विचारलं, "नंबर कसा चुकला वं, बाई?" मी म्हटलं, "कॅसेट उलटी धरली होती. नऊचा सहा वाटला."

दुसऱ्या दिवशी तुम्ही ओसरीवर बसून सगळ्या कॅसेटांवरची लेबलं काढलीत आणि नवी चिकटवलीत. लाल शाईनं, आकड्यात नाही, अक्षरांत: सहा, सात, आठ, नऊ. माझ्या खोट्यासाठी तुमचा अख्खा दिवस गेला, आणि मी बाजूला बसून खळ लावून देत होते. पुढच्या नवरात्रात मंडळानं दुसरा माणूस बोलावला. मिक्सर माळ्यावर गेला तो परत खाली आला नाही. माझं लग्न झालं, मग तुम्हीही गेलात.

आज तो तुकडा पाहिला. चौकटीखाली सेकंद दिसतात. मायला यायला, हसायला आणि जायला चौतीस सेकंद लागतात. लोक तर पहिल्या झटक्यालाच ओरडले होते, आणि बटन तुमच्या बोटाखाली होतं. तरी ती उजवीकडून पूर्ण निघून गेल्यावरच पडदा बदलला, हे मला पक्कं आठवतं. म्हणजे तुम्हीही पाहत होता. मग मला विचारलंत ते नंबराबद्दल नसावं. मी सांगावं म्हणून वाट पाहिली असेल.

वहीत त्या तुकड्यापुढे मी भजन लिहिलं नाही, फक्त अक्षरांत "नऊ" लिहिलं. हा कागदही त्याच पानात राहील. नंबर चुकला नव्हता, बाबा. मी पाहिलं होतं.