गेरूत बुडवलेला चेंडू

यावल, मंगळवार

प्रिय चारू,

घरात फोन असताना आईला पत्राचं खूळ कुठून सुचलं, असं म्हणून हसशील. हस. या घरात फोन म्हणजे चावडी झाली आहे. आबांना ऐकू कमी येतं म्हणून तो कायम मोठ्या आवाजावर, आणि तुझं नाव दिसलं की ते खुर्ची ओढून पुढ्यात येऊन बसणार. काल तू पुन्हा फोन करून विचारलंस, कॅम्पचं ऐकून आबा काय म्हणाले? ते समोर असताना मी काय सांगणार, कपाळ? म्हणून लिहायला बसले. शेजारच्या बेबाबाईंचा योगराज धुळ्याच्या गाडीवर कंडक्टर आहे, त्याच्या हाती हे पाकीट देते. सोबत बामणोदच्या वांग्यांचं भरीत आहे, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजलेलं. आधी जेव, मग वाच. रिकाम्या पोटी तू कुणाचंच ऐकत नाहीस.

तुझं म्हणणं मला नीट कळलं की नाही ते बघ. ज्या हॉकीवाल्यांनी दीड वर्षापूर्वी तुला घरी पाठवलं, त्यांनाच आता बचावाला एक जुनी, मुरलेली खेळाडू हवी झाली आहे, म्हणून कॅम्पला बोलावलं आहे. नेमक्या त्याच पंधरवड्यात राज्याच्या सॉफ्टबॉल संघाचं शिबिर आहे, आणि तिथेही तुझं नाव लागलं आहे. दोन्हीकडे शनिवारपर्यंत कळवायचं. हॉकीचं तू फोनवर मोठ्यानं सांगितलंस, सॉफ्टबॉलचं मला मागाहून गुपचूप मेसेज करून. आणि शेवटी एक ओळ, ‘हॉकीलाच जाते, आबांसाठी.’ ती ओळ वाचल्यापासून माझं कशात लक्ष नाही. काल वरणाला दोनदा मीठ घातलं. तुझ्या आबांनी मुकाट्यानं खाल्लं, यावरून त्यांचंही लक्ष ठिकाणावर नाही हे समज.

तुला हॉकी लागली ती या तुझ्या बापापायी. तरुणपणी भुसावळच्या रेल्वे यार्डात नोकरीला होते तेव्हा तिथल्या पोरांबरोबर खेळायचे. नोकरी सोडून केळीच्या बागेत आले तरी काठी सुटली नाही. मुलगी झाली म्हणून कुणी नाक मुरडलं तर म्हणायचे, पोर आहे, बचावाला उभी करीन. आणि केलीसुद्धा. ओटा सारवताना कडेला ओढायचा माझा गेरू पळवायचे, चेंडू त्यात बुडवायचे आणि अंगणात तुझ्याकडे मारायचे. गोलासमोर बचाव करणाऱ्याच्या पायाला चेंडू लागला की समोरच्याला पेनल्टी कॉर्नर मिळतो, हे तुला बाराखडीच्या आधी पाठ होतं. दिवेलागणीला तुझ्या पायांची तपासणी. कुठे लाल ठिपका दिसला की आबांचं तोंड एवढंसं. पाय कोरे निघाले तर गूळ-शेंगदाणे. “पाय काढ व, पाय काढ!” या ओरड्यानं आमची गल्ली उठायची. तुझे मोजे धुता धुता माझी बोटं लाल, आणि शेजारणी विचारायच्या, लताबाई, रोज मेंदी काढता का?

पुढे तू भारताचा निळा शर्ट घातलास, परदेशात खेळलीस, टीव्हीवर राष्ट्रगीत म्हणताना दिसलीस. मी सगळे सामने डोळे मिटून पाहिले हे तुला ठाऊक आहे. मला फक्त एवढं कळायचं की समोरची दांडगी पोर तुझ्या अंगावर धावून येते आहे आणि तुझे आबा आनंदानं मांडी बडवताहेत. मग गुडघा गेला, शस्त्रक्रिया झाली, यादीतून नाव गेलं. तू घरी न येता धुळ्याला तुझ्या ऑफिसात रुजू झालीस. ऑफिसच्या मैत्रिणींनी एका संध्याकाळी सॉफ्टबॉल खेळायला ओढून नेलं, आणि तुझ्या पहिल्याच फटक्यात चेंडू मैदानाबाहेरच्या रसवंतीत पडला, हे मला सांगताना किती दिवसांनी तुझा आवाज मोकळा झाला होता! पण लगेच म्हणालीस, आबांना सांगू नकोस, त्यांना सहन होणार नाही. मी नाही सांगितलं. लोक विचारायचे, चारू कुठे आहे? मी म्हणायचे, सरावाला गेली आहे. कसला सराव ते कुणी विचारलं नाही, मग मी तरी उगाच पाप कशाला लावून घेऊ?

आता तुझ्या आबांची गंमत ऐक. दिवाळीनंतर त्यांनी एकाएकी कान मनावर घेतले. जळगावला कानाचा डॉक्टर आहे म्हणाले. सकाळी भाकरी बांधून घेऊन जायचे, अंधार पडता पडता उन्हानं रापून यायचे. यंत्र नाही, औषध नाही, साधी चिठ्ठी नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. मला संशय यायला वेळ लागला, कारण इतक्या वर्षांत या माणसाला धड खोटं बोलता आलेलं नाही. मग एकदा डोक्यात उजेड पडला. प्रत्येक खेप रविवारची! रविवारी कोणता डॉक्टर दुकान उघडतो? तेवढ्यात योगराजच सहज विचारून गेला, काकू, काका धुळ्याला कुणाकडे जातात हो? संध्याकाळी मी आबांना चहा दिला आणि म्हटलं, धुळ्याचा डॉक्टर काय म्हणतो?

मग सगळं सांगितलं त्यांनी. माझ्या फोनवरचा तुझा सॉफ्टबॉलचा एक मेसेज त्यांनी दिवाळीतच वाचला होता. मैदानाबाहेर त्याच रसवंतीच्या आडोशाला बसायचे, टोपी खाली ओढून. पहिल्या दिवसापासून तुझा घोटाळा त्यांना दिसत होता. सॉफ्टबॉलमध्ये जमिनीवरून आलेल्या चेंडूला आडवं व्हायचं असतं, हातमोज्यातून निसटला तर छातीनं, नडगीनं अडवायचा असतो. आणि तुझ्याकडे चेंडू आला की तुझे पाय आपोआप बाजूला उडी मारायचे! मागे मोकळं रान. पोरी हसायच्या, तूही ओशाळून हसायचीस. हसले नाहीत ते एक आबा. मला म्हणाले, “तिची चूक नाही, लता. ते पाय मीच तसे करून ठेवले.” एका रविवारी तीनदा तसंच झालं आणि त्यांना राहवलं नाही. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला आपला आवाज कुठवर जातो ते थोडंच कळतं? उभं राहून ओरडले, “पाय कायले काढते व! आडवी हो, आडवी!” तू वळून पाहिलंस तोवर हे उसाच्या मोळ्यांमागे. तो आवाज तुला खरा वाटला की भास, मला माहीत नाही. पण पुढचा चेंडू तू नडगीवर घेतलास आणि उचलून फेकलास, गडी बाद झाला. नडगीचा काळानिळा डाग तू मला फोटो काढून पाठवला होतास, आठवतं? तो कशानं झाला हे तू लिहिलं होतंस. कुणामुळे झाला, ते आज कळतंय तुला.

मी विचारलं, मग भेटला का नाहीत पोरीला? तर म्हणाले, “ती लपवते तर काही कारण आसीन. तिनं सांगितल्याबिगर मले काईच माहीत नाही. तू बी गप ऱ्हाय.” म्हणजे बघ, लेक बापापासून लपवणार, बाप लेकीपासून लपवणार, आणि मी मधे बसून दोघांच्या भाकरी थापणार. बरं आहे!

आता परवाचं सांगते. तू कॅम्पचं सांगितलंस आणि आबा उठून गोठ्यात गेले. तुला वाटलं असेल, त्यांना आनंद झाला. मलाही तसंच वाटलं. मागोमाग गेले तर म्हशीच्या पाठीवर हात ठेवून रडत होते. मला म्हणाले, “पोर माह्यासाठी परत चालली. धुळ्याले मी तिले चुका करता करता हासताना पाह्यलं. हॉकीत शेवटची कितीक वर्षं ती हासलीच नव्हती, अन् मी मांड्या बडवत बसलो.” मी म्हटलं, सांगा की हे तिला. तर म्हणे, मी जाऊ नको म्हटलं तर तिला वाटेल, बापाचा तिच्या गुडघ्यावर भरवसा राहिला नाही. म्हणून हे मी लिहिते आहे, त्यांना न विचारता. हॉकीला जावंसं तुलाच वाटत असेल तर खुशाल जा, मी पुन्हा डोळे मिटून बघीन. पण आबांच्या नावानं जाऊ नकोस. ते ओझं त्यांना पेलणार नाही, चारू, आणि त्यांना तसं बघणं मला पेलणार नाही. जे ठरवशील ते शनिवारी फोन करून सांग. दीड वर्ष तुझं सगळं मला आधी कळत आलं. या खेपेला त्यांना आधी सांग. मी तेवढा वेळ गोठ्यात जाऊन उभी राहते.

तुझीच,
आई